पाचूसारखं दिसणारं युरेनियम : टॉर्बर्नाइटविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत हिरवे, चौकोनी स्फटिक सापडले. टॉर्बर्नाइट या युरेनियमच्या खनिजाच्या फोटोशी हुबेहूब जुळतात. घरात ठेवले तर चालतील का? (हिंगणा)

उत्तर : काळा दगड म्हणजे आपला बेसॉल्ट. त्याच्या पोकळीतला हिरवा चौकोनी स्फटिक बहुधा अॅपोफिलाइट असतो. जळगाव, नाशिक, पुण्याकडचे असे नमुने जगभर जातात, आणि ते निर्धोक असतात. गफलत होणं साहजिक आहे, कारण चौकोनी आकार आणि एकाच दिशेने सुटणारे पापुद्रे दोघांतही असतात. पण टॉर्बर्नाइट अभ्रकासारखं मऊ असतं (मोह्जच्या दहापैकी मोजपट्टीवर काठिण्य 2 ते 2.5) आणि हाताला जड लागतं. अॅपोफिलाइट नखाला दाद देत नाही. शिवाय टॉर्बर्नाइट तयार होण्यासाठी युरेनियम, तांबं आणि फॉस्फेट पाण्यात एकत्र यावी लागतात, आणि बेसॉल्टमध्ये युरेनियम नावालाच असतं. तरीही मनात शंका असेल, तर परमाणु खनिज निदेशालयाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सला आहे. तिथे विचारा.

प्रश्न : दुकानातल्या नोटा तपासायच्या दिव्याखाली दगड चमकला नाही. म्हणजे तो किरणोत्सारी नाही ना? (इतवारी)

उत्तर : असं मुळीच समजू नका. चमकणं वेगळं आणि किरणोत्सार वेगळा. टॉर्बर्नाइटचं भावंड ऑट्युनाइट त्या दिव्याखाली पिवळं-हिरवं पेटल्यासारखं दिसतं. त्याच्यात कॅल्शियम असतं. टॉर्बर्नाइटमध्ये त्या जागी तांबं असतं, आणि ते तांबं चमक गिळून टाकतं. युरेनियम मात्र दोघांत असतं. उलट काही कॅल्साइट आणि फ्लोराइट छान चमकतात, पण त्यांच्यापासून धोका नसतो. किरणोत्सार गायगर काउंटरनेच तपासायचा.

प्रश्न : ओट्याच्या ग्रॅनाइटमध्येही युरेनियम असतं म्हणे! (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : असतं, दहा लाख भागांत साधारण तीन-पाच भाग. ओट्यावर खुशाल पोळ्या लाटा.

प्रश्न : मी बारावीला आहे. टॉर्बर्नाइटमध्ये युरेनियम निम्म्याच्या आसपासच असतं, तरी ते शुद्ध युरेनियमपेक्षा जास्त किरणोत्सारी कसं? (धरमपेठ)

उत्तर : अगदी हाच प्रश्न 1898 साली पॅरिसमध्ये मारी क्युरींना पडला होता. तेव्हा या खनिजाला चाल्कोलाइट म्हणत. त्यांच्या उपकरणावर त्याचा किरणोत्सार युरेनियम धातूच्या दुपटीहून जास्त भरला. मोजण्यात चूक झाली असावी, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी काय केलं? शुद्ध रसायनं घेऊन प्रयोगशाळेत तेच खनिज स्वतः बनवलं. सूत्र तेच होतं, पण या कृत्रिम चाल्कोलाइटचा किरणोत्सार युरेनियमपेक्षा अडीचपट कमी निघाला, म्हणजे त्यातल्या युरेनियमच्या प्रमाणाला साजेसा. मग खाणीतल्या खनिजात युरेनियमखेरीज आणखी काहीतरी असलंच पाहिजे! त्याच वर्षी जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम ही नवी किरणोत्सारी मूलद्रव्यं जाहीर झाली. युरेनियम सावकाश विघटत जातं आणि त्याची ही तीव्र वंशावळ खनिजात साठत राहते. नव्याने बनवलेल्या स्फटिकात ती साठलेली नसते. प्रयोग करून स्वतःच्या शंकेला उत्तर देण्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेल्या टॉर्बर्नाइटचा रंग फिका पडलाय, डबीत हिरवा चुरा दिसतो. उन्हाळ्यामुळे असेल का? (कामठी)

उत्तर : हो, आपल्या मे महिन्यातली कोरडी हवा त्याला सोसत नाही. टॉर्बर्नाइटच्या थरांमध्ये पाण्याचे रेणू असतात, सूत्रामागे बारापर्यंत. ते आठच्या आसपास आले की त्याचं मेटाटॉर्बर्नाइट होतं, आणि पाणी शिंपडून ते पूर्ववत होत नाही. डबी न उघडता भिंगातून पाहिलंत तर काचेसारखी पारदर्शक पाटी धुरकट झालेली दिसेल. कडा भेगाळलेल्या आणि पापुद्रे सुटलेले असतील. खरा धोका त्या चुऱ्याचा आहे. त्यातून निघणारे किरणोत्सारी अल्फा कण कागदाने अडतात, पण चुरा श्वासावाटे फुप्फुसात गेला की त्यांना अडवायला काही नसतं. शिवाय बंद डबीत रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो. म्हणून डबी घरात उघडू नका, फुंकर मारू नका आणि झाडूही फिरवू नका. बाहेर चुरा सांडला असेल, तर मास्क आणि हातमोजे घालून ओल्या कागदाने टिपून घ्या, तो कागद पिशवीत बंद करून ठेवा आणि हात साबणाने धुवा. डबी मुलांच्या खोलीत असेल, तर आजच हलवा. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो : युरेनियमच्या खनिजांवर कायद्याने सरकारी नियंत्रण आहे. ते छंदासाठी विकत घेऊन कपाटात ठेवायचं खनिज नव्हे. वर सांगितलेल्या कार्यालयाशी संपर्क साधा, आणि चुऱ्याची पिशवीही त्यांना दाखवा.