परदेशी निघताना चावऱ्या बोक्याचं काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सात-आठ महिन्यांत तुम्ही दोघं लहान लेकीला घेऊन युरोपात राहायला येताय. तुमचा पाच वर्षांचा बोका हल्ली गादीवर लघवी करतो, अधूनमधून पायाला चावतो, आणि घरचे म्हणतात, ‘असलं मांजर एवढ्या लांब कशाला नेता, देऊन टाका कुणाला तरी.’ मी माझी मांजर घेऊनच इकडे आले. तिचंही तेव्हा लघवीचं तंत्र बिघडलेलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगते. न्यायचं की द्यायचं, हे आज ठरवू नका. आज दोन कामं सुरू करा: बोक्याची तपासणी आणि त्याची कागदपत्रं. ही दोन्ही सुरू झाल्याशिवाय जे काही ठरेल ते विमानाची तारीख ठरवेल, तुम्ही नाही.

तपासणी आधी. गादीवर लघवी केली की सगळे म्हणतात, ‘डूख धरलाय त्याने.’ मांजर डूख धरून लघवी करत नाही. मूत्राशयाला सूज असेल, खडे असतील, तर लघवीच्या पेटीत (लिटर बॉक्समध्ये) बसल्यावर दुखतं. मग त्याला पेटीचीच भीती बसते आणि ते मऊ जागा शोधतं. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारात लघवीचं प्रमाणच वाढतं. त्यामुळे लघवीची आणि रक्ताची तपासणी झालीच पाहिजे, जमलं तर सोनोग्राफीही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बोका पुन्हा पुन्हा पेटीत जाऊन कुंथतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

लघवी करताना तो बसतो कसा, तेही बघा. खाली बसून गादीवर डबकं करत असेल तर दुखणं किंवा पेटीची नावड. उभा राहून, शेपटी ताठ करून ती थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल तर ती हद्दीची खूण. नसबंदी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर ती आधी करा. बहुतेक बोक्यांचं फवारणं त्याने थांबतं किंवा खूप कमी होतं.

रिपोर्ट चांगले आले तर पेटीकडे वळा. आमच्या मांजरीचे रिपोर्ट नॉर्मल होते. डॉक्टरांनी पेटी कुठे आहे एवढंच विचारलं. ती होती वॉशिंग मशीनशेजारी. मग नीट लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं, मशीनने कपडे पिळायला घेतले की ती अर्धवट उठायची, पंजांना लिटरचे, म्हणजे पेटीतल्या वाळूचे, कण चिकटलेले, आणि तशीच पलंगावर. पेटी शांत कोपऱ्यात नेली आणि महिन्याभरात गादी कोरडी राहायला लागली. मांजर एक असलं तरी पेट्या दोन ठेवा. पेटी मोठी हवी, त्याला आत सहज वळता यायला हवं. झाकण नको, वासाचं लिटर नको, आणि घाण रोज काढायची. गादीला एन्झाइमवालं क्लीनर वापरा. अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास मांजराला लघवीसारखाच येतो आणि ते परत तिथेच जातं.

चावण्याचं मात्र मी इतकं हलकं घेणार नाही. तो कधी चावतो, ते काही आठवडे वहीत लिहा. पळत्या पायावर झडप घालत असेल तर तो खेळ आहे. रोज दोनदा दोरीच्या खेळण्याने दमवा, आणि हात-पाय कधीही खेळायला देऊ नका. कुरवाळताना शेपटी आपटायला लागतो, कान मागे जातात आणि मग चावतो, तर तो ‘पुरे’ म्हणतोय. खिडकीबाहेर दुसरं मांजर दिसल्यावर जवळच्या माणसावर तुटून पडत असेल तर खिडकीचा खालचा भाग झाका. पण काहीही इशारा न देता, खोलवर, आणि तुमच्या लेकीला चावत असेल तर हिशोब बदलतो. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, जखम वरून छोटी दिसते आणि आत पू होतो. लहान मुलाच्या बाबतीत ‘बघू, सुधारेल’ म्हणत बसू नये.

आता कागद. नेण्याचं नक्की नसलं तरी हे सुरू करा, कारण ते उशिरा सुरू करून उरकता येत नाही. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), त्यानंतरच रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर ती लस धरत नाहीत. युरोपीय संघ ज्या देशांना या टेस्टमधून सूट देतो त्यांच्या यादीत भारत नाही, म्हणून लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत टायटर टेस्ट, म्हणजे रक्तात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं पुरेशी आहेत का याची तपासणी, करावी लागते. आकडा किमान ०.५ आययू प्रति मिली हवा, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे चार महिने सहज गेले. पुढे लस वेळेवर देत राहिलात तर ही टेस्ट पुन्हा करावी लागत नाही.

‘तूर्त सासूबाईंकडे ठेवू, नंतर कुणासोबत तरी मागवू’ असा विचार असेल तर हेही माहीत असू द्या: तुमचा प्रवास आणि मांजराचा प्रवास यांत पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर व्यापारी नियम लागतात आणि सगळं किचकट होतं. आणि सासूबाईंना खरंच हवंय का, हे त्यांना एकट्यात विचारा. भिडेखातर घेतलेलं मांजर शेवटी गच्चीत नाहीतर जिन्यात राहतं.

दोन-तीन महिन्यांनी रिपोर्ट, वही आणि कागद समोर ठेवून ठरवा. लघवीचं कारण सापडलंय आणि फरक पडतोय, तर घेऊन या. फक्त प्रवासाने तो सुधारेल अशी आशा नको, पहिले काही आठवडे बिघडण्याचीच शक्यता जास्त. इथे आल्यावर त्याला एकाच खोलीत ठेवा, जुनी पेटी, जुनं लिटर आणि न धुतलेली चादर देऊन. आमची कपाटामागून रात्रीच बाहेर यायची. घर भाड्याने घेताना मांजर आहे हे घरमालकाला लेखी कळवा. कार्पेटच्या घरात लघवीचा त्रास असलेलं मांजर लपवणं महागात पडतं. कॅरिअर आजपासूनच उघडं ठेवून त्यात खाऊ घाला. विमानासाठी गुंगीचं औषध स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका, उंचीवर श्वासाला आणि रक्तदाबाला धोका असतो. पर्शियनसारखा चपट्या नाकाचा असेल तर काही विमान कंपन्या कार्गोत घेतच नाहीत.

आणि लेकीला चावणं थांबलं नाही, तर त्याच्यासाठी घर शोधा. हे त्याला टाकून देणं नाही. लहान मुलं नसलेलं, दुसरं मांजर नसलेलं, शांत माणसांचं घर मिळालं तर असे बरेच बोके निवळतात. पण लघवी आणि चावणं, दोन्ही खरं खरं सांगा, रिपोर्टसकट. लपवलंत तर तो आठवड्यात परत येईल, नाहीतर त्याला बाहेर काढतील, आणि घरात वाढलेला बोका रस्त्यावर टिकत नाही. तुम्ही निघायच्या निदान दोन महिने आधी त्याला तिकडे राहायला पाठवा, म्हणजे नाही जमलं तर परत घ्यायला तुम्ही तिथे असाल.

नसबंदी झाली आहे का, आणि लेकीला तो कधी चावला आहे का, एवढं कळवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.