आज सरवा कुठे वेचलास?

मावशी, सप्रेम सलाम.

मी 47 वर्षांची. राहायला कांजुरमार्गला, नोकरी फोर्टात एका खासगी ऑफिसात, अकाउंट्सला. नवऱ्याची कायमची रात्रपाळी, मुलगा बारावीत. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. दीर पनवेलला असतात, नाताळला केक घेऊन येतात.

आमच्या मंडळीत बुधवारी महिलांची प्रार्थना सभा असते. गीत झालं की साक्ष. कुणाच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला, कुणाची गाठ साधी निघाली, कुणाला भर पावसात रिक्षा मिळाली. माझी पाळी आली की मी ‘प्रभू चांगला आहे’ म्हणते आणि बसते. गेल्या महिन्यात एका भगिनीने सांगितलं, 2006 साली 11 जुलैला तिची लोकल चुकली आणि त्याच गाडीत स्फोट झाला, देवाने वाचवलं. सगळ्या हालेलुया म्हणाल्या. मालाडला माझ्या माहेरच्या चाळीतला एक दादा त्या संध्याकाळी गाडीत होता. तो घरी आला नाही. माझ्या तोंडून हालेलुया निघालं नाही.

पाळकसाहेबांच्या मिसेस म्हणतात, डोळे उघडे ठेवले की देव रोज काम करताना दिसतो. माझे डोळे पहाटे पाचपासून उघडेच असतात. त्यांना दिसतात ती भांडी, डायपर, क्लासची फी आणि गाडीत निवडायची मेथी. तीही समोरची बाई अर्धी जुडी ओढून घेते म्हणून कांजुर यायच्या आत होते. घरी पोचले की सासूबाई दिवसभरातला एकुलता एक शब्द बोलतात, ‘जेवलीस?’ मला संताप येतो. माझ्याशिवाय स्वयंपाक करणार कोण आहे? मग रात्री रडू येतं.

माझा विश्वास कमी आहे, की आमच्या घरात देवाला काही काम नाही?

– स.

———

स., तुला सलाम.

पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला ‘डोळे उघडे ठेव’ सांगायचं म्हणजे कमाल आहे. त्या मिसेसबाई वाईट नसणार, पण तुझ्या घरी पहाटे कधी आल्या नसणार हे नक्की. तुझ्या डोळ्यांना सध्या मिटायची गरज जास्त आहे. बायबलातला संदेष्टा एलीया झुडपाखाली जाऊन मरण मागत होता, ते आठव. आपले उपदेशक तिथून थेट डोंगरावरच्या मंद वाणीवर उडी मारतात. मधलं कुणी वाचत नाही. देवदूताने आधी त्याला हलवून उठवलं, निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे केलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. त्याला पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं. ‘विश्वास कमी पडला’ असं त्याला तिथे कुणी म्हणालं नाही. तुझ्या झोपेचं काय करायचं, ते शेवटी सांगते, कारण त्यात तुझ्या दिराचं नाव येणार आहे.

आधी त्या गाडीचं बोलू, कारण पत्रातलं खरं दुखणं तिथे आहे. तुझ्या तोंडून हालेलुया निघालं नाही, ते बरंच झालं. त्या भगिनीने स्वतःच्या जिवाबद्दल आभार मानावेत, गुडघे टेकून मानावेत, त्यात काही चूक नाही. पण त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर थोड्याच मिनिटांत सात स्फोट झाले, आणि ज्यांची गाडी चुकली नाही त्यांच्याही घरी प्रार्थना होत असतील. ‘देवाने मला वाचवलं’ याच्या पोटात ‘त्यांना नाही वाचवलं’ हे न बोलताच येतं, आणि ते ऐकायला मालाडची तू तिथे बसलेली असतेस. प्रभू येशूपुढे असंच एक प्रकरण आलं होतं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली. ती माणसं बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला, असं त्याने विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणाला. बुरूज का पडला, ते त्याने सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांना म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप करा. जिथे त्याने कारण सांगितलं नाही, तिथे आपण बुधवारच्या सभेत कशाला सांगायचं?

हे मी शहाणपणा मिरवायला लिहीत नाही. मी नर्स होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री वॉर्डात एका आईला मी म्हणाले, देवाची इच्छा. तिचा मुलगा पहाटे गेला होता. ती काही बोलली नाही. मुलाच्या उशाखालची कंगवा-टॉवेलची पिशवी काढली, तिची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. ते हात मला आजही दिसतात. त्यानंतर नोकरीभर मी कुणाला ते वाक्य म्हटलं नाही. चहा आणून द्यायचे.

आता तुझा प्रश्न. तुझ्या घरात देवाला काम आहे का? तुझ्याच घरासारखं एक घर बायबलात आहे: सून, सासू आणि रोजच्या जेवणाची पंचाईत. रूथचं पुस्तक घे, चारच अध्याय आहेत, व्हीटीपासून कांजुरपर्यंत आरामात वाचून होतात (मेथी नसेल त्या दिवशी). त्यात समुद्र दुभंगत नाही, स्वप्न पडत नाही, देवदूत येत नाही. लोक एकमेकांना परमेश्वराच्या नावाने आशीर्वाद देत असतात, पण ‘परमेश्वराने हे केलं’ असं लिहिणारा आपणहून फक्त दोनदा म्हणतो. पहिल्या अध्यायात, दुष्काळानंतर त्याने लोकांना अन्न दिलं, आणि तेही सासूला, नामीला, परदेशात ऐकून कळतं. मग थेट चौथ्यात, रूथला दिवस जातात तेव्हा. मधलं सगळं तुझ्यामाझ्या आयुष्यासारखं चालतं. ऊन, घाम, सासूला काय खायला घालायचं ही काळजी.

नामी बेथलेहेमला परतली तेव्हा गावातल्या बायांना म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कडू. भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी आणलं. आणि हे म्हणताना रूथ तिच्या शेजारी उभी आहे! सगळं सोडून आलेली सून हाताच्या अंतरावर, आणि बाई म्हणते रिकामी. मला नामीचा राग येत नाही. नवरा आणि दोन मुलं पुरून आली होती ती. दुःखात माणसाला शेजारी उभं असलेलं दिसत नाही, म्हणून काही देवाने तिला टाकलं नाही. लिहिणाराही तिला बोल लावत नाही. पुढच्याच वाक्यात सांगतो की सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती.

रूथ सरवा वेचायला गेली. शहरातल्या पोरांना सरवा कळायचा नाही. कापणी झाल्यावर शेतात पडून राहतं ते धान्य. ती योगायोगाने बवाजच्या शेतात गेली, असं पुस्तक म्हणतं. पण तो योगायोग बारकाईने बघ. शेताच्या कडा कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबांना आणि परक्यांना राहू द्या, हा नियम मोशेच्या शास्त्रात होता, आणि बवाज तो पाळणारा निघाला. वर त्याने गड्यांना सांगून ठेवलं, तिच्यासाठी पेंढ्यांतून थोडी कणसं मुद्दाम ओढून टाका, तिला बोलू नका. रूथला ते कळलंही नसेल. तिच्या लेखी ती नुसती पडलेली कणसं होती.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा समोरची बाई माझ्याही नजरेतून सुटली. तू तिला एका ओळीत उरकलं आहेस, तेही तक्रारीच्या मध्ये. ती कोण आहे? उतरते कुठे? दिवसभर कामावरून दमलेली बाई, जिची स्वतःची भाजी घरी पडलेली असेल, ती न विचारता परक्या बाईची अर्धी जुडी मांडीवर ओढून घेते, पानं एकीकडे, देठं पेपरात. तिला देवाने पाठवलं असं मी तुला सांगणार नाही, ते ठरवणारी मी कोण. पण व्हिसाची साक्ष चालते तर ही का चालू नये, हे मला कळलेलं नाही. आणि साक्षीतल्या त्या रिक्षावालीला हसू नकोस. ज्याला पावसात रिक्षा मिळाली त्याने आभार जरूर मानावेत. रिक्षावाल्याचेही मानावेत, एवढंच माझं म्हणणं.

रूथची संध्याकाळ राहिली. दुपारी मिळालेले भाजलेले दाणे, आपल्या हुरड्यासारखे, तिने पोटभर खाल्ले आणि उरलेले बांधून ठेवले. वेचलेला सातू झोडपला तर एफाभर निघाला, एका बाईला चांगलंच ओझं. ते घेऊन घरी आली, उरलेले दाणे सासूच्या हातावर ठेवले. मग नामीने विचारलं, आज सरवा कुठे वेचलास? सुनेने बवाजचं नाव सांगितलं, आणि त्या कडू बाईच्या तोंडून पहिल्यांदा निघालं की परमेश्वराने आपली दया सोडलेली नाही. शेतात राबणाऱ्या सुनेला ते दिसलं नव्हतं, घरात बसलेल्या सासूला दिसलं. तेही दिवस सरल्यावर, धान्य समोर ओतल्यावर.

म्हणून म्हणते, चालत्या गाडीत देव बघायला जाऊ नकोस. दमशील. संध्याकाळी बघ, मागे वळून. आपल्या कॅथलिक मंडळींत ही जुनी रीत आहे. लोयोलाच्या इग्नेशियसने सोळाव्या शतकात लिहून ठेवलेली, आणि इथे 1869 साली झेवियर्स कॉलेज काढणारे जेज्विट फादर त्याच्याच संघाचे. दिवस तासातासाने आठवायचा, पण त्याची पहिली पायरी आभारांची. पापं नंतर. आपण प्रॉटेस्टंट घरातल्या बायका रात्री डोळे मिटले की थेट चुकांवर जातो, आज ओरडले, आज चिडले, आणि आभारांच्या आधीच झोप लागते. तू क्रम उलटा कर. पाच मिनिटांच्या वर नको. काही आठवलं नाही तर नाही. ओढूनताणून काढलेला आशीर्वाद दुसऱ्या दिवशी विटतो.

आणि काही महिने काहीच दिसलं नाही तरी घाबरू नकोस. गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरला, आपल्या मराठी मिशनच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी. 1826 साली प्रचाराच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेला. इतक्या वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले लोक फार थोडे. त्याला कुणी बुधवारी साक्ष द्यायला उभं केलं असतं तर तोही ‘प्रभू चांगला आहे’ म्हणून बसला असता. पण 1824 साली त्याच्या मिशनने याच शहरात मुलींची शाळा काढली होती. आपल्या आज्या-पणज्या वाचायला शिकल्या त्या वाटेची सुरुवात तिथली. त्यातलं काय पुढे जाईल, हे त्याला कुठून दिसणार होतं?

आता दीर. या रविवारी उपासनेनंतर त्यांना फोन कर. विनंती करू नकोस, तारीख सांग. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आईजवळ त्यांनी राहायचं. केक नको म्हणावं. डायपर बदलायला येत नसेल तर शिकतील, मी वॉर्डात भल्याभल्यांना शिकवलाय. मुलगा बारावीत आहे म्हणून त्याला काहीच सांगायचं नाही असं नसतं. रात्रीची भांडी घासून कुणी नापास झालेला नाही.

आणि बुधवारी तुझी पाळी येईल तेव्हा साक्ष देऊ नकोस, गरज सांग. ‘मला मंगळवारी संध्याकाळी दोन तास कुणीतरी सासूबाईंजवळ बसायला हवंय, मला झोपायचंय.’ असंच म्हण. कुजबुज होईल, होऊ दे. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी गोड ओळ नाही, तरी ते शास्त्रात आहे. तुझं मागणं त्या मानाने किती साधं. हालेलुया म्हणणाऱ्यांपैकी कोण मंगळवारी दार वाजवते ते बघू. एक तरी येईल असं मला वाटतं. बहुधा रिक्षावाली.

सासूबाईंचं सगळ्यात शेवटी ठेवलं. झटक्याच्या पेशंटचं बोलणं जातं तेव्हा कुणाचं काय मागे राहील ते सांगता येत नाही. मी असे पेशंट पाहिलेत ज्यांच्याकडे एक शिवी तेवढी उरली होती. काहींकडे मुलाचं नाव. तुझ्या सासूबाईंना सगळ्या भाषेतून एक शब्द उरला, आणि तो त्या तुझ्यासाठी राखून ठेवतात. दिवसभर कुणाला देत नाहीत. तुला तो टोमण्यासारखा लागतो, कारण तू दमलेली असतेस. त्यांना कदाचित ‘आलीस?’ म्हणायचं असेल, कदाचित ‘दमलीस?’ नामीने विचारलं तेच असेल.

उद्या विचारतील तेव्हा चप्पल काढायच्या आधी त्यांच्याजवळ पलंगावर बस. पिशवी उघडून दाखव. म्हण, नाही आई, अजून जेवले नाही, पण मेथी निवडून झालीय. मग ती कुणी निवडली, ते सांग.

– मावशी