बातम्यांच्या संकेतस्थळांनी वाचकांची सोय आणि जाहिरातींचे उत्पन्न यांचा मेळ कसा घालावा?

जाहिराती असाव्यातच, कारण फुकट वाचल्या जाणाऱ्या बातमीमागच्या वार्ताहराचा पगार बहुतांशी त्यांतूनच निघतो. प्रश्न आहे तो त्या कशा दाखवायच्या याचा. गेल्या हिवाळ्यात मी नागपुरात घरी बसून कळमना बाजारातील संत्र्यांचे भाव मोबाइलवर पाहत होतो. तक्त्यावर बोट टेकवणार तोच वरून जाहिरात उतरली, मजकूर खाली सरकला आणि बोट कर्जाच्या जाहिरातीवर पडले. असा चुकून झालेला क्लिक जाहिरातदाराच्या काहीच कामाचा नसतो. वाचक मात्र वैतागून जाहिराती अडवणारे सॉफ्टवेअर बसवतो आणि मग नीटनेटक्या संकेतस्थळांचेही उत्पन्न बुडते, हे मला खरोखर अन्यायाचे वाटते.

जाहिरातीची जागा पान उघडतानाच राखून ठेवली, तर मजकूर उडी मारत नाही. ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ या जाहिरात क्षेत्रातील कंपन्या व संस्थांच्या गटाच्या निकषांनुसार पॉप-अप, आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून अधिक जागा व्यापणाऱ्या जाहिराती त्रासदायक ठरतात आणि क्रोम ब्राउझरने फेब्रुवारी २०१८ पासून हे निकष वारंवार मोडणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती गाळायला सुरुवात केली.

स्थानिक प्रकाशकांनी नागपूरच्या सीताबर्डी, धरमपेठेतील दुकानदारांकडून ठरावीक मासिक दराने थेट जाहिराती घ्याव्यात, असेही मी सुचवीन. साड्यांच्या दुकानाचे एक साधे, स्थिर चित्र पान जड करत नाही, वाचकाचा माग काढत नाही आणि मधल्या दलालांचा वाटाही वाचतो.