वाचकांचे प्रश्न : भाडेकरार कोणता विश्वासाचा?

प्रश्न : पुण्यात वाकड-बाणेर भागातले काही फ्लॅट मी मालकांच्या वतीने सांभाळतो. बहुतेक मालक अमेरिकेत नाहीतर दुबईत असतात. प्रत्येक एजंट करारनाम्याचा आपापला नमुना घेऊन येतो. एकाचा दोन पानी, नोटरी केलेला; दुसऱ्याचा इंटरनेटवरून उतरवलेला, अठरा पानी; तिसरा म्हणतो ऑनलाइन करून टाका. एका मालकांचं म्हणणं, अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला? मी कोणता करार वापरू?
— एक वाचक, वाकड

उत्तर : त्या मालकांना आधी एवढं सांगा की अकरा महिन्यांची सवलत महाराष्ट्रात नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सहसा नोंदणीची सक्ती नाही, त्यावरून ही समजूत घट्ट बसली आहे. पण आपल्याकडे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागेत हक्क न देता ती ठरावीक मुदतीसाठी वापरू देण्याचा, करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत काहीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षा याच कलमातली दुसरी तरतूद मी अशिलांना वाचून दाखवते. करार नोंदवलेला नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं. नोटरीच्या, म्हणजे न नोंदवलेल्या, कागदावर भाडं एक, प्रत्यक्षात थोडी रक्कम रोख ठरलेली, आणि डिपॉझिटचा आकडा तर कागदावर नव्हताच. वाद झाल्यावर भाडेकरूने डिपॉझिट तिप्पट सांगितलं. मालक परदेशात, पैसे घेतले त्यांच्या नातेवाइकाने, पावती कुणाकडेच नाही. अशा वेळी वकील कितीही चांगला असला तरी हातात कागद काय आहे, यावरच सगळं अडतं.

आता खर्चाचं बघू. दरमहा 25,000 भाडं, 1,00,000 परत करण्याचं डिपॉझिट, मुदत 24 महिने असं धरा. एकूण भाडं 6,00,000. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून दोन वर्षांचे 20,000 त्यात मिळवायचे. झाले 6,20,000. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे 1,550 रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. करार करून देणाऱ्याची फी वेगळी. हा खर्च दोघांत अर्धा-अर्धा वाटून घेण्याची रीत पुण्यात आहेच. एवढ्या पैशांसाठी कुणी लाखांच्या फ्लॅटवर पाणी सोडू नये. मुदत 60 महिन्यांपर्यंत ठेवता येते, त्यामुळे दर अकरा महिन्यांनी तीच धावपळ करण्याचीही गरज नाही.

नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार हातात असला की कलम 24 चा आधार मिळतो. मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर दिवाणी दावा न लावता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्याला रेंट कंट्रोल कोर्ट म्हणतो तिथे, अर्ज करता येतो. समन्स लागल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर राहिलेल्या काळाची भरपाई भाड्याच्या दुपटीने. आणि लेखी करारात जे नमूद आहे तो तिथे निर्णायक पुरावा. म्हणून तुमचा निकष हा ठेवा : कलम 24 चा अर्ज करायची वेळ आली तर हा कागद टिकेल का? पानांची संख्या बघू नका.

ऑनलाइन नोंदणी मला पसंत आहे. नोंदणी विभागाची ई-रजिस्ट्रेशनची सोय आधार आणि अंगठ्यावर चालते, दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावावी लागत नाही. फक्त मजकुराचा मसुदा अंगठा देण्याआधी स्वतः वाचा. आधीच्या भाडेकरूची पार्किंग तशीच राहिलेली, फ्लॅट नंबरात विंग चुकलेली, हे मी वारंवार पाहते.

त्या अठरा पानी नमुन्यातली बरीच पानं काढून टाका. कित्येक नमुने दुसऱ्या राज्यांचे असतात. काहींत ‘भाडे प्राधिकरण’ येतं, ते केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं. तो आपल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या जागी आलेला नाही. भाडं थकलं तर मालक कुलूप लावेल, वीज-पाणी तोडेल, असं कलम दिसलं की तिथेच खोडा. अत्यावश्यक सोयी तोडणं हा कलम 29 खाली गुन्हा आहे, आणि तुम्ही मालकाच्या वतीने ते केलंत तर तक्रारीत तुमचंही नाव येईल.

वाचलेले कष्ट सामानाच्या यादीवर घाला, कारण बहुतेक भांडणं डिपॉझिट परत देताना होतात. ‘फर्निश्ड फ्लॅट’ एवढं लिहून भागत नाही. चिमणी कोणत्या कंपनीची, चालू आहे का, गीझर किती, इन्व्हर्टरची बॅटरी कधीची, बाल्कनीची जाळी शाबूत आहे का, बाथरूमच्या दाराखालची फळी आधीच फुगलेली आहे का. महावितरण आणि पाइप गॅस, दोन्ही मीटरचे आकडे चावी देण्याच्या दिवशीचे लिहा, फोटो काढून दोघांना पाठवा. रंगाचं आधीच ठरवा : एक महिन्याचं भाडं कापायचं, की वापराने होणारी झीज सोडून फक्त नुकसानीचं? माझ्या मते दुसरं न्याय्य आहे. दोन वर्षं नीट राहिलेल्या कुटुंबाकडून अख्ख्या घराचा रंग वसूल करू नये. डिपॉझिट कधी परत मिळणार, हेही लिहा. मी चावी घेण्याच्या दिवशीच, थकीत बिलं वजा करून, असं लिहिते. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याची अट, ठेवलं तर ते दोघांनाही लागू असावं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात नाजूक भाग सहीचा. करार मालकाच्या नावाने, तुम्ही कुलमुखत्यार, म्हणजे मालकाने लेखी अधिकार दिलेला माणूस, म्हणून सही करायची. स्वतःच्या नावाने ‘मालक’ म्हणून कधीच नाही. व्हॉट्सॲपवरचं ‘तुम्ही करून टाका’ चालत नाही. कुलमुखत्यारपत्र परदेशात भारतीय वकिलातीसमोर, किंवा मालक अमेरिकेत असेल तर तिथल्या नोटरीपुढे अपोस्टीलसह (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) केलेलं असावं, आणि राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं. त्यात करार करणं, नोंदणीला हजर राहणं, डिपॉझिट घेणं-देणं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणं, हे चारही अधिकार स्पष्ट हवेत. चौथा हमखास राहून जातो, मग ऐन गरजेच्या वेळी नवं पत्र मागवावं लागतं. भाडं मालकाच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाची इथली कमाई जमा होते ते बँक खातं) जाऊ द्या, तुमच्या खात्यातून नको.

मालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरणं भाडेकरूवर येतं, आणि मालक भारतात राहणारा असताना लागू होणारी महिना पन्नास हजारांची मर्यादा तिथे लागू नाही. हे भाडेकरूला आधीच सांगा, करारातही घाला. सोसायटीला कराराची प्रत द्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते शुल्क, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त मागता येत नाहीत. ते आणि मेंटेनन्स कोण भरणार, याची ओळ करारात असू द्या. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरून तिची पोचपावती इंडेक्स टूच्या (नोंदणीचा सरकारी गोषवारा) प्रतीसोबत त्या फ्लॅटच्या फाइलला लावा.