काळविटाच्या लेंडीतील जिवाणू नवा आहे, हे कसे ठरवावे?

प्रश्न : नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ आमचे शेत आहे. तेथे पडलेल्या काळविटाच्या लेंड्यांतून मी प्रकल्पासाठी एक जिवाणू वेगळा केला. त्याचे १६ एस आरआरएनए जनुक सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी ९७.९ टक्के जुळते. ही नवी प्रजाती म्हणता येईल का?
– पदव्युत्तर विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आपला आकडा उत्साह वाढवणारा आहे; परंतु त्यावरून नव्या प्रजातीची शक्यता दिसते, ती सिद्ध होत नाही. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका घटकाचे, सुमारे १,५०० अक्षरांचे हे जनुक सर्व जिवाणूंत असते आणि अतिशय संथपणे बदलते, म्हणून नातेसंबंध शोधताना प्रथम तेच पाहिले जाते. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असल्यास प्रजाती वेगळी असण्याची शक्यता बळावते. मात्र आपण जनुकाचा संपूर्ण क्रम वाचला आहे का, आणि तुलना त्या त्या प्रजातीच्या अधिकृत प्रमाण वाणाशीच (त्या प्रजातीचा नमुना म्हणून जपलेल्या जिवाणूशीच) केली आहे का, हे आधी तपासावे. अर्धवट क्रमावरून मिळालेली टक्केवारी फसवी ठरू शकते.

खरा निर्णय संपूर्ण जीनोमच्या, म्हणजे जिवाणूच्या सगळ्या डीएनएच्या तुलनेतून होतो. जवळच्या प्रजातींशी न्यूक्लिओटाइडांचे (डीएनएतील अक्षरांचे) सरासरी साम्य ९५ ते ९६ टक्क्यांहून कमी आणि संगणकीय डीएनए संकरणाचे (दोन जीनोम एकमेकांशी किती जुळतील याच्या संगणकी अंदाजाचे) मूल्य ७० टक्क्यांहून कमी आले, तर आपला दावा भक्कम होतो. त्याच्या जोडीला पेशीतील मेदाम्ले, क्विनोन (पेशीच्या श्वसनातील रेणू), वाढीचे तापमान आणि क्षारसहिष्णुता यांचेही वर्णन द्यावे लागते.

नमुन्याविषयी मात्र मला अधिक काळजी वाटते. काळविटाचा नर ठरावीक जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे त्या ढिगात जुने-नवे मिसळलेले असते आणि सोलापूरच्या उन्हात वाळलेल्या लेंडीत मातीतील बीजाणुधारक (कठीण कवचाच्या सुप्त रूपात तग धरणारे) जिवाणू सहज टिकून राहतात. उलट, रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातील बहुसंख्य जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही, म्हणून उघड्या पेट्रीडिशवर ते वाढतच नाहीत. आपला जिवाणू काळविटाच्या आतड्यातला आहे असे लिहायचे असेल, तर अगदी ताज्या लेंड्या आणि त्याच जागेची माती असे दोन्ही नमुने तपासावेत. शिवाय वेगवेगळ्या लेंड्यांतून हाच जिवाणू पुन्हा मिळतो का, तेही पाहावे, कारण एकाच वाणावर उभे केलेले वर्णन मला अपुरे वाटते. अभयारण्याच्या हद्दीतून नमुने घ्यायचे झाल्यास वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

नाव देण्यासाठी जिवाणूचे जिवंत, शुद्ध संवर्धन (प्रयोगशाळेत वाढवलेला, इतर जिवाणू न मिसळलेला साठा) दोन वेगळ्या देशांतील सार्वजनिक संग्रहांत जमा करावे लागते. आपल्याला जवळचा संग्रह पुण्यातील नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स हा आहे. परदेशी पाठवताना जैवविविधता कायदा, २००२ च्या अटी पाळाव्यात. नावासाठी जिवंत संवर्धन लागतेच, म्हणून जीनोमच्या खर्चाची जुळवाजुळव करण्याआधी शुद्ध संवर्धनाच्या काही कुप्या ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंश सेल्सिअसला आजच ठेवून द्याव्यात.