शेक घेऊन आलेल्या आजीजवळ नातू झोपला तर चालेल का?

कणत्वरक म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन अशा विद्युतभारित कणांना वेग देणारं यंत्र. गेल्या महिन्यात मी त्यावर लिहिलं. आलेल्या पत्रांतली बरीचशी घरात कुणीतरी किरणोपचार घेत असलेल्यांची आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

आईच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, आता शेक चालू आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, तिच्या अंगातून किरणं निघतात, मुलांना लांब ठेवा. माझा तीन वर्षांचा मुलगा रोज तिच्या कुशीत झोपायचा, आता त्याला वेगळं झोपवतेय. बरोबर करतेय ना? (सांगली)

ताई, आज रात्रीच त्याला आजीकडे झोपू द्या.

या उपचाराला आपल्याकडे शेक, लाइट, करंट अशी नावं पडली आहेत. खरं तर त्यात ऊब नसते आणि झटकाही नसतो. आईंवर ज्या यंत्राने उपचार चालू असतील त्याला आम्ही लिनॅक म्हणतो, तोही एक कणत्वरकच. त्यात तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात. हातभर लांबीच्या तांब्याच्या पोकळ नळीत त्यांना सूक्ष्मलहरी पुढे ढकलतात. या लहरी तुमच्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्याच जातीच्या, पण कितीतरी जोरकस. नळीच्या टोकाला टंगस्टनचा तुकडा असतो. इलेक्ट्रॉन त्यावर आदळले की क्ष-किरण निघतात, आणि तेच गाठीच्या जागेवर सोडले जातात. बटण बंद केलं की इलेक्ट्रॉन थांबतात, किरणही थांबतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. आई दारातून बाहेर येतात तेव्हा त्यांच्या अंगात किरणांचा मागमूसही नसतो. काही रुग्णालयांत लिनॅकऐवजी कोबाल्टचं यंत्र असतं. त्यातला किरणोत्सर्गी कोबाल्ट यंत्रातच बंदिस्त राहतो, रुग्णाच्या अंगात काही येत नाही.

काकूंच्या बोलण्याला आधार कुठला असावा, त्याचा अंदाज मला आहे. पेट स्कॅन या तपासणीच्या वेळी किरणोत्सर्गी फ्लोरिन-18 असलेलं इंजेक्शन देतात. ते सायक्लोट्रॉन नावाच्या त्वरकात तयार होतं. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली सुरू झाला. हे द्रव्य दर 110 मिनिटांनी निम्मं होत जातं, त्यामुळे त्या दिवशी काही तास लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून अंतर ठेवायला सांगतात. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्यांना तर काही दिवस जपावं लागतं. तो नियम शेक घेणाऱ्यांना लागू नाही.

किरणोपचार विभागातल्या माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतले एक आजोबा आठवतात. सहा आठवडे ताट-तांब्या वेगळा, अंथरूण ओसरीवर. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “आता नातीला उचलू का?” पहिल्याच दिवशी हे सांगायचं आमचं काम होतं, ते राहून गेलं होतं. तेव्हापासून मार्किंगच्या, म्हणजे उपचाराआधी अंगावर खुणा करायच्या टेबलावरच मी प्रत्येकाला हे सांगतो.

तुम्ही एवढंच बघा की झोपेत मुलाचं डोकं किंवा लाथ त्या बाजूला लागणार नाही. तिथली कातडी हुळहुळी झालेली असते. कपडे सैल आणि सुती घालू द्या, आणि विचारल्याशिवाय कुठलंही मलम लावू नका.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचं यंत्र 27 किलोमीटरचं, आणि हॉस्पिटलमधलं एका खोलीत मावतं. दोन्हींतले कण प्रकाशाच्या वेगाजवळच जातात, मग आकारात एवढा फरक का? (बारावीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

वेगाकडे बघशील तर फसशील, ऊर्जेकडे बघ. लिनॅकमध्ये इलेक्ट्रॉनला 60 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा मिळाली की तो प्रकाशाच्या 99.7 टक्के वेगाला पोचतो. त्यापुढे कितीही ऊर्जा ओतली तरी वेग नावापुरताच वाढतो, ऊर्जा मात्र साठत जाते. सर्नमध्ये एकेका प्रोटॉनला 6.8 लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतात, म्हणजे लिनॅकच्या सुमारे 11 लाख पट. एका फेरीत एवढी ऊर्जा देता येत नाही. म्हणून त्याला गोल फिरवत राहतात आणि प्रत्येक फेरीला थोडी थोडी देतात. फेऱ्याही किती, तर सेकंदाला 11 हजारांवर. आता घाटातली गाडी आठव. जितकी भरधाव, तितकं वळण ऐसपैस लागतं. प्रोटॉनला वळवणारे 1,232 मुख्य चुंबक उणे 271 अंशांपर्यंत थंड केलेले असतात. इतके ताकदवान चुंबक लावूनही वर्तुळ 27 किलोमीटरचं होतं. 2012 मध्ये हिग्ज बोसॉन हा कण सापडला तो याच यंत्रात, तेव्हा ऊर्जा एका प्रोटॉनला 4 लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट होती.

एक गोष्ट मी अभिमानानं सांगतो. एकेक चुंबक सुमारे 35 टनांचा. ते सगळे ज्या जॅकवर टेकलेले आहेत आणि ज्यांनी ते अचूक जागी बसवले, ते सात हजारांहून अधिक जॅक भारतातून गेले आहेत. आणि त्वरक बघायला जिनिव्हालाच जायला हवं असं नाही. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत पेलेट्रॉन नावाचा त्वरक आहे, इंदूरला इंडस-2 नावाचा.

लासलगावला आंब्यांवर किरण सोडतात ते यंत्र म्हणजे कणत्वरकच का? (देवगड)

नाही. तिथे कोबाल्ट-60 आहे, त्यातून गॅमा किरण निघतात. 2007 मध्ये आपल्या आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ पुन्हा उघडली ती या विकिरणामुळेच, कारण कोयीतल्या भुंग्याची पैदास त्याने थांबते. आंबा किरणोत्सर्गी होत नाही, बिनधास्त खा.

वडिलांच्या घशाच्या कर्करोगावर शेक चालू आहेत. मशीन बंद म्हणून तीन दिवस परत पाठवलं. पुढचे शेक वाढवून घेतले की झालं ना? (परभणी)

नाही, आणि हे मनावर घ्या. गाठीतल्या पेशी त्या तीन दिवसांत वाढत राहतात. डोक्या-मानेच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबला तर त्याचा फटका बसतो. डॉक्टरांना विचारा, शनिवारी देता येईल का, किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा देता येईल का. दुसऱ्या मशीनवर हलवता येईल का, हेही विचारा.

मशीन बंद पडली म्हणून घाबरू नका. दाराची कडी नीट लागली नाही, थंड करणाऱ्या पाण्याचं तापमान बदललं, किरणांच्या झोताला आकार देणारी टंगस्टनची एखादी पट्टी जागेवरून किंचित हलली, तरी यंत्र आपणहून थांबतं. तसंच ते बांधलेलं असतं. रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी आम्ही मात्रा मोजतो. तीन टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर दुरुस्त होईपर्यंत कुणालाही आत घेत नाही.

भावाच्या सात वर्षांच्या मुलीच्या मेंदूत मेड्युलोब्लास्टोमाची गाठ होती, ऑपरेशन झालं. आता डॉक्टर प्रोटॉनचे किरणोपचार म्हणतात. सासऱ्यांच्या कर्करोगाच्या वेळी कुणी नावही काढलं नव्हतं. खरंच फायदा, की नुसता खर्च? (अमरावती)

या मुलीच्या बाबतीत खरंच फायदा. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, वाटेतल्या सगळ्यांना थोडं थोडं देत. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो आणि थांबता थांबता बहुतेक ऊर्जा तिथेच टाकतो. 7 कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे 4 सेंटिमीटर जातो, 23 कोटींचा 33. ऊर्जा बदलली की खोली बदलते. रॉबर्ट विल्सन यांनी हे उपचारासाठी वापरायचं 1946 मध्येच सुचवलं होतं.

या आजारात मेंदूबरोबर संपूर्ण पाठीच्या कण्यालाही किरण द्यावे लागतात. क्ष-किरण कणा ओलांडून हृदय, थायरॉइड, आतडी यांपर्यंत पोचतात, प्रोटॉन कण्यापाशीच थांबवता येतो. मुलीपुढे अख्खं आयुष्य आहे, म्हणून हे मोलाचं. सासऱ्यांना लिनॅकवर मिळाले ते उपचार कमी दर्जाचे होते असं मात्र समजू नका. बहुतेक मोठ्या माणसांच्या कर्करोगात आजचा लिनॅक उत्तम काम करतो, त्यासाठी कुणी जमीन विकायला निघालं तर मी त्याला थांबवीन.

चेन्नईत ही सोय 2019 पासून आहे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरमध्ये 2023 पासून आहे, आधी तिथे विचारा. जाताना फाइल आणि एमआरआयची सीडी न्या. लिनॅक आणि प्रोटॉन, दोन्हींचे प्लॅन शेजारी शेजारी दाखवायला सांगा. स्क्रीनवर ते रंगांत दिसतात. हृदयाला किती, थायरॉइडला किती, असे आकडे विचारून वहीत लिहून घ्या.