विमानाचा उसवलेला सीट बेल्ट दुकानात शिवून चालतो का?

तुम्ही लिहिलंय की जालन्यात तुमचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. विमान शिकवणाऱ्या एका संस्थेचा माणूस छोट्या विमानाचे दोन सीट बेल्ट घेऊन आला, टोकाशी शिवण उसवलेली. वडिलांनी एक जाड नायलॉनच्या दोऱ्याने शिवून दिला, 'मूळच्यापेक्षा पक्का'. दुसरा अजून दुकानात पडून आहे. तो शिवू का, की त्याच्या जागी कारचा पट्टा लावून देऊ?

दोन्ही करू नका. आणि जो शिवून गेलाय त्याबद्दल आजच फोन करा. आणणाऱ्या माणसाला नव्हे, त्या संस्थेच्या मेंटेनन्स इंजिनिअरला. बाकीचं उत्तर मग निवांत वाचा.

मी लातूरकडचा. विमान दुरुस्तीचा परवाना घेऊन वीसेक वर्षं छोट्या प्रशिक्षण विमानांवर काम करतोय. तुमच्या वडिलांच्या हाताबद्दल मला शंका नाही, त्यांचा टाका माझ्यापेक्षा सरळच असणार. अडचण आहे ती 'पक्का' या शब्दात. जाड दोऱ्याला जाड सुई लागते. ती सुई पट्ट्याच्या विणीतले उभे धागे तोडत जाते, आणि सगळा ताण त्या उभ्या धाग्यांवरच असतो. जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पडली की पावतीपुस्तकाच्या पानावर असते तशी भोकांची ओळ तयार होते. झटका बसला की दोरा शाबूत राहतो आणि पट्टाच त्या ओळीवर फाटतो. पट्टा बनवणाऱ्या कंपनीत दोरा कुठला, इंचाला टाके किती, शिवण कुठल्या नमुन्याची, हे सगळं ठरलेलं असतं आणि ते नमुने ओढून तपासलेले असतात.

झटका म्हणजे किती? १९८८ मध्ये अमेरिकेत नव्या डिझाइनच्या प्रवासी विमानांसाठी नियम आला, की पुतळा बसवलेली सीट पुढच्या दिशेने १६ जीच्या, म्हणजे वजनाच्या सोळापट धक्क्याला तपासायची. त्याच वर्षी छोट्या विमानांच्या नव्या डिझाइनमध्ये पुढच्या सीटसाठी २६ जी ठरला. पुतळा ७७ किलोचा. सोळापट केलं तर १२३२ किलो, म्हणजे बारा क्विंटलच्या वर. साठ किलोचा कट्टा धरला तर सोयाबीनचे वीस कट्टे एकदम येऊन धडकल्यासारखं. हा सगळा भार एकट्या पट्ट्यावर येत नाही, पण तुमच्या मशीनवरचा दोरा कशाशी झुंजणार याचा अंदाज यावा म्हणून हिशेब मांडला.

कारचा पट्टा डोळ्याला तसाच दिसतो, हे खरं. पण विमानाच्या पट्ट्याची आगीचीही परीक्षा झालेली असते. प्रवासी विमानात त्याचं कापड आडवं धरून पेटवलं तर मिनिटाला अडीच इंचांपेक्षा जास्त वेगाने जळता कामा नये. शिवाय एका कंपनीची जीभ दुसऱ्या कंपनीच्या बक्कलात कधीकधी 'टक' आवाज करून बसते, आणि ओढ बसली की निसटते. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे अर्धे अर्धे पट्टे आम्ही जोडीला लावत नाही.

मला त्यापेक्षा एक गोष्ट जास्त खटकते. शिवण उसवली कशाने? ती आपोआप उसवत नाही. आपल्याकडे पहिला संशय उन्हावर. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना विमान उघड्यावर उभं असतं आणि काचेतून ऊन थेट पट्ट्यावर पडतं. रंग उडाला की समजायचं, उन्हाने नाहीतर कडक धुण्याने धागा खाल्लाय. बक्कलाखाली झाकलेला भाग उलगडून बाहेरच्या भागाशी ताडून बघा, फरक लगेच कळेल. दुसरा संशय बॅटरीच्या ॲसिडवर, नायलॉनला ते अजिबात सोसत नाही. तिसरा उंदरांवर. हसू नका. सोयाबीन निघालं की शेजारच्या शेतातले उंदीर हँगरकडे वळतात, आणि घाम लागलेला पट्टा त्यांना आवडतो. दिवाळीच्या सुमारास मी सीटखाली आधी लेंड्या शोधतो, मग पट्टा बघतो.

आणि चौथा संशय आपल्याच माणसांवर. आमच्या एका हेल्परने एकदा मोठ्या उत्साहाने चार पट्टे धुण्याच्या पावडरीत ब्लीच टाकून रात्रभर भिजवले आणि सकाळी पत्र्यावर वाळत घातले. दिसायला नवे कोरे. चारही भंगारात गेले, आणि त्याला वाटलं मी त्याच्यावर राग काढतोय. कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं, एवढंच चालतं. बक्कल अडकतंय म्हणून तेल सोडायचं नाही, आपल्या धुळीत त्याचा चिखल होतो.

बसवण्यातही चुका होतात. कमरेचा पट्टा जमिनीशी साधारण ४५ ते ५५ अंशांचा कोन करून यावा, म्हणजे तो ओटीपोटाच्या हाडावर बसतो. वर सरकला तर भार पोटाच्या मऊ भागावर येतो आणि आतडी फाटू शकतात. खांद्याचा पट्टा खांद्यापासून मागे सरळ किंवा थोडा वर, जास्तीत जास्त तीस अंश वर जावा. त्याचा मागचा बोल्ट खांद्यापेक्षा बराच खाली असेल तर झटक्यात तो माणसाला खाली दाबतो आणि मणका दुखावतो. आमचे आजोबा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करताना सूज कुठे आहे ते चाचपायचे आणि त्यावरून जू कुठे चुकीचं बसतंय ते सांगायचे. इथे सूज बघायची सोय नाही, कोन आधीच मोजावा लागतो. शिवाय पट्ट्याला पीळ नको, टोकाचा हूक बोल्टवर मोकळा फिरायला हवा, आणि स्प्लिट पिन विसरायची नाही. पिन नसलेला पट्टा मी स्वतः दोनदा पकडलाय. दोन्ही विमानं रोज उडत होती.

२०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी चिकलठाण्याच्या विमानतळावर विमान आलं होतं, तुम्हाला आठवत असेल. आपण ढगाला वळसा घालतो, ते मुद्दाम ढगाजवळ जात होते. तसल्या हेलकाव्यात वैमानिकाला कमरेसोबत खांद्याचे पट्टे का लागतात ते वेगळं सांगायला नको. अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांना पुढच्या सीटवर ते सक्तीचे आहेत, आणि १२ डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्यांना सगळ्या सीटवर.

आता तुमच्याकडच्या पट्ट्यावर एक छोटं लेबल शोधा. त्यावर कंपनी, पार्ट नंबर आणि टीएसओ-सी२२ किंवा सी११४ असं काहीतरी, म्हणजे विमानाच्या पट्ट्यांसाठीच्या अमेरिकी मानकाचा क्रमांक असेल. ते पुसलं किंवा निघालं असेल तर पट्टा शाबूत असूनही आम्ही तो लावत नाही. जुन्या बक्कलाला नवा पट्टा शिवून देणाऱ्या मान्यताप्राप्त कार्यशाळा असतात, त्या प्रमाणपत्रासह देतात. त्या कागदाशिवाय कुठल्याही इंजिनिअरला विमानावर सही करता येत नाही. तो माणूस पट्टा तुमच्या दुकानात घेऊन आला, याचा अर्थ कुणीतरी हा कागद टाळत होतं किंवा कुणाला तो लागतो हेच माहीत नव्हतं. फोनवर कुणावर आरोप करू नका, फक्त 'आमच्याकडे शिवलाय, लावू नका' एवढं सांगा. पैसे घेतले असतील तर परत करा.

बाद पट्टा आम्ही कापून टाकतो, म्हणजे चुकून पुन्हा कुणी लावायला नको. त्या ब्लीचवाल्या चार पट्ट्यांचे तुकडे तोच हेल्पर गावी घेऊन गेला आणि जोडून म्हशीला दावं केलं. परवा विचारलं तर म्हणाला, म्हशीने खुंटा दोनदा उपटला, दावं तसंच आहे.